चंद्राच्या पाठीवरचे नाव

वीर स्थानकाच्या फलाटावर रात्री गाडीची वाट पाहणाऱ्याला सह्याद्रीच्या रांगेवरून वर आलेला चंद्र दिसतो. हातातल्या पिशवीत डबा असतो, पाण्याची बाटली असते आणि पावसापाण्यापासून जपण्यासाठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली रिपोर्टची फाईल असते. महाड आणि पोलादपूरच्या वाड्यांमधून अशी फाईल घेऊन मुंबईला निघणाऱ्या अनेकांचा प्रवास परळच्या टाटा रुग्णालयापाशी संपतो. कुणाला गाठीची तपासणी करायची असते, कुणाला केमो घ्यायची असते, तर कुणाला किरणोपचार, ज्याला रुग्ण लाईट घेणे किंवा शेक घेणे म्हणतात.

या प्रवाशाला दिसणाऱ्या चंद्राच्या मागच्या बाजूला एक विवर आहे. ते इथून दिसत नाही आणि पृथ्वीवरच्या कोणत्याही दुर्बिणीतूनही दिसत नाही. त्याला मुंबईत जन्मलेल्या एका माणसाचे नाव दिलेले आहे. प्रवासी ज्या रुग्णालयात निघाला आहे, त्याच्याशीही त्या माणसाचे नाते होते. तो डॉक्टर नव्हता. त्याचे नाव होमी जहांगीर भाभा.

भाभा म्हटले की अणुभट्टी, तुर्भे, तारापूर आणि विमान अपघात एवढे बहुतेकांना आठवते. शाळेच्या पुस्तकातून दिसणारी ही त्यांची समोरची बाजू. त्यांच्या कामाची दुसरी बाजू रुग्णालयांच्या तळघरात, जाड भिंतींच्या खोल्यांमध्ये रोज चालू असते आणि तिथे त्यांचे नाव सहसा कुणी घेत नाही.

एकच बाजू का दिसते?

चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते, हे देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्याला लगेच कळेल. प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला असतो. पूर्ण फेरी होईपर्यंत गाभाऱ्याकडे आपला उजवा खांदाच राहतो, डावा कधीच येत नाही. मात्र त्या फेरीत आपण स्वतःभोवतीही एकदा वळलेलो असतो. सुरुवातीला पूर्वेकडे असलेले तोंड चारही दिशांना फिरून परत पूर्वेला येते. चंद्रही असाच आहे. पृथ्वीभोवतीची एक फेरी आणि स्वतःभोवतीची एक गिरकी, दोन्हींना त्याला सारखाच वेळ लागतो, सुमारे २७.३ दिवस. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने चंद्राची मूळची गिरकी हळूहळू मंदावत या वेगावर येऊन स्थिरावली.

चंद्र किंचित डुलत असल्यामुळे कडेचा थोडा भाग आलटून पालटून दिसतो आणि एकूण सुमारे ५९ टक्के पृष्ठभाग आपल्या वाट्याला येतो. उरलेला भाग कायम पलीकडेच. त्याला काळोखी बाजू म्हणण्याची पद्धत आहे, पण ते बरोबर नाही. आपल्याकडे अमावास्या असते तेव्हा त्या बाजूला लख्ख ऊन पडलेले असते. तिथे प्रकाश आहे, फक्त पाहणारा नाही.

मुंबईचा मुलगा, जमशेदपूरचा बेत

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. वडील जहांगीर बॅरिस्टर, आई मेहेरबाई. आजोबा हॉरमसजी म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी होते. होमीच्या आत्याचे नावही मेहेरबाईच होते. तिचे लग्न जमशेदजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्याशी झाले होते. त्यामुळे घरात पुस्तके, चित्रे आणि पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या जशा होत्या, तशाच पोलाद, वीज आणि कारखाने यांच्या गप्पाही होत्या.

कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे शिक्षण घेऊन होमी १९२७ मध्ये केंब्रिजला गेला. वडील आणि दोराबजी यांचा बेत सरळ होता. मुलाने इंजिनिअर होऊन यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे. मुलाचा जीव मात्र गणित आणि भौतिकशास्त्रात अडकला. त्याने वडिलांना तसे स्पष्ट कळवले. वडिलांनी अट घातली की आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हायची, मग पुढचा खर्च मिळेल. १९३० मध्ये त्याने ती अट पूर्ण केली आणि दोन वर्षांनी गणिताची परीक्षाही पहिल्या वर्गात पार पाडली.

या दोन परीक्षांच्या मधल्या काळात घरात एक मृत्यू झाला. जून १९३१ मध्ये आत्या मेहेरबाई टाटा वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या काळी या आजारावर डॉक्टरांच्या हाती जवळजवळ काहीच नव्हते. पत्नीच्या मृत्यूनंतर दोराबजींनी रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी विश्वस्त निधी उभा केला. रेडियमने उपचार करणारी संस्था भारतात असावी, असेही त्यांच्या मनात होते. पुढच्याच वर्षी ते स्वतः गेले, पण त्यांच्या नावाच्या ट्रस्टने ते काम पुढे नेले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. आत्याच्या आजारातून उभे राहिलेले हे रुग्णालय आणि भाच्याचे शास्त्र यांची गाठ पडायला अजून वीस वर्षे जायची होती.

आकाशातून पडणारा पाऊस

केंब्रिजमध्ये भाभा आले तो काळ भौतिकशास्त्रात विलक्षण घडामोडींचा होता. १९३२ मध्ये पॉझिट्रॉनचा शोध लागला. हा इलेक्ट्रॉनचाच जुळा भाऊ, फक्त त्याचा विद्युतभार धन. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे गणित भाभांनी मांडले. त्या प्रक्रियेला आज जगभर भाभा विकिरण म्हणतात. कर्करोग शरीरात कुठवर पसरला आहे, हे पाहण्यासाठी केला जाणारा पेट स्कॅन याच पॉझिट्रॉनवर चालतो. भाभांनी गणित मांडले तेव्हा असे यंत्र कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

त्यानंतर त्यांनी विश्वकिरणांकडे लक्ष वळवले. अवकाशातून प्रचंड वेगाचे कण सतत पृथ्वीवर येत असतात. जमिनीवरच्या यंत्रांत मात्र कधी कधी एकाच क्षणी कणांचा झोतच्या झोत नोंदला जाई. तो येतो कुठून? १९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी त्याचे उत्तर दिले. वेगवान इलेक्ट्रॉन हवेतल्या अणुकेंद्राजवळून जाताना गॅमा किरण बाहेर टाकतो. त्या किरणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. ती जोडी पुन्हा किरण टाकते, त्यातून पुन्हा जोड्या. एकाचे दोन, दोनाचे चार असे करत वरून आलेल्या एका कणाचा खाली येईपर्यंत पाऊस होतो. ऊर्जा वाटली जाऊन संपत आली की पाऊसही थांबतो.

त्याच सुमारास इलेक्ट्रॉनपेक्षा जड आणि प्रोटॉनपेक्षा हलका असा एक कण सापडला होता आणि त्याच्या नावावरून मतभेद होते. मेसोट्रॉन हे नाव प्रचारात होते. मूळ ग्रीक शब्द पाहता मेसॉन हेच नाव योग्य ठरेल, असे भाभांनी १९३९ मध्ये सुचवले आणि मेसॉन हा शब्द पुढे रूढ झाला. एखाद्या गोष्टीला नेमके नाव असावे, याची त्यांना पर्वा होती.

किरण पदार्थात शिरल्यावर त्यांचे काय होते, ऊर्जा कुठे आणि किती खर्च होते, हा भाभांच्या तरुणपणाच्या संशोधनाचा गाभा. किरण शरीरात शिरल्यावर काय होते, हा किरणोपचार करणाऱ्या डॉक्टरचा रोजचा प्रश्न. पेशींमध्ये शिरलेला गॅमा किरण इलेक्ट्रॉन उडवतो, ते इलेक्ट्रॉन पेशीतला डीएनए तोडतात आणि कर्करोगाची पेशी विभागू शकत नाही. त्यात शेजारच्या निरोगी पेशीही सापडतात, पण त्या बऱ्याच अंशी सावरतात. म्हणूनच किरणांची एकूण मात्रा एकदम न देता पाच-सहा आठवड्यांत थोडी थोडी विभागून दिली जाते. गावाकडून आलेल्या रुग्णाला मुंबईत इतके दिवस मुक्काम का करावा लागतो, याचे कारण हे आहे.

सुट्टी संपली नाही

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले होते. सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटले आणि परतीचा रस्ता बंद झाला. ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाले. तिथे भौतिकशास्त्र विभागात चंद्रशेखर व्यंकट रामन होते. भाभांनी विश्वकिरण संशोधनाचा विभाग उभा केला. १९४१ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

युद्ध संपल्यावर परत जायचे, असा मूळ विचार होता. पण या पाच-सहा वर्षांत तो बदलला. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्राची संस्था भारतात काढण्याचा प्रस्ताव मांडला. पुढे अणुशक्तीपासून वीज करायची वेळ येईल तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, ते इथेच तयार असावेत, हा त्यामागचा हिशेब. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा सव्वा वर्षाहून अधिक काळ होता. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम बंगळूरला सुरू झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती मुंबईत पेडर रोडवरच्या एका बंगल्यात आली. पुढे कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी तिची देखणी इमारत उभी राहिली.

१९४८ मध्ये अणुशक्ती आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये तुर्भ्याला अणुशक्ती केंद्राचे काम सुरू झाले. भाभांनी लग्न केले नाही. चित्रे काढणे, संगीत ऐकणे आणि बागा फुलवणे हे त्यांचे छंद होते. इमारतीच्या आड येणारे झाड तोडण्याऐवजी ते मुळासकट उचलून दुसरीकडे लावायला ते सांगत.

आठ दिवसांचे औषध

४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्यातली अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली ही पहिली. इंधन ब्रिटनकडून आले होते, पण भट्टी इथल्या अभियंत्यांनी बांधली होती. पाण्याच्या कुंडात निळसर प्रकाश देणारी ही भट्टी वीज तयार करत नव्हती. मग तिचा उपयोग काय, असा प्रश्न तेव्हाही पडत होता.

त्याचे एक उत्तर औषधात आहे. थायरॉइडच्या काही आजारांत आणि थायरॉइडच्या कर्करोगात किरणोत्सारी आयोडीन देतात. थायरॉइड ग्रंथी आयोडीन शोषून घेते, त्यामुळे औषध नेमके तिथेच जाते. पण या आयोडीनची ताकद दर आठ दिवसांनी निम्मी होते. आठ दिवसांनी अर्धे, सोळा दिवसांनी पाव, चोवीस दिवसांनी आठवा हिस्सा. असे औषध गोदामात भरून ठेवता येत नाही. परदेशातून मागवायचे तर परकीय चलन हवे, विमान वेळेवर हवे आणि कस्टममध्ये अडकून चालणार नाही. स्कॅनसाठी सर्वात जास्त वापरले जाणारे टेक्नेशियम तर सहा तासांतच निम्मे होते. ज्या देशात भट्टी नाही, तिथल्या रुग्णाचा उपचार दुसऱ्याच्या वेळापत्रकावर अवलंबून राहतो.

अप्सरापाठोपाठ १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने उभारलेली सायरस ही मोठी भट्टी सुरू झाली. किरणोपचारासाठी लागणारे कोबाल्ट साठ, थायरॉइडसाठीचे आयोडीन अशी समस्थानिके देशातच तयार होऊ लागली. साधे कोबाल्ट भट्टीत ठेवले की त्यावर न्यूट्रॉनचा मारा होतो आणि ते किरणोत्सारी बनते. त्याचे गॅमा किरण खोलवरच्या गाठीपर्यंत पोहोचतात. त्याची ताकद निम्मी व्हायला सव्वापाच वर्षे लागतात, म्हणून ते यंत्रात बसवून वर्षानुवर्षे वापरता येते.

१९६२ मध्ये एक प्रशासकीय बदल झाला. वरवर पाहता तो विचित्र वाटेल असा होता. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९५७ पासून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे होते. ते आरोग्य खात्याकडून काढून अणुशक्ती खात्याकडे देण्यात आले. कर्करोगाच्या उपचारात किरणांचे महत्त्व वाढत जाणार, हे भाभांनी ओळखले होते. भौतिकशास्त्रज्ञ आणि डॉक्टर एका छताखाली आल्याशिवाय हे उपचार नीट होणार नाहीत, असा त्यामागचा विचार. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, त्याच परिसरात तुर्भ्याच्या केंद्राचा किरणोत्सारी औषधांचा विभाग सुरू झाला. रेडिएशन मेडिसिन सेंटर या नावाने तो आजही चालू आहे आणि देशभरातल्या अणुवैद्यक विभागांमधले अनेक डॉक्टर व तंत्रज्ञ तिथे शिकून गेले आहेत. आत्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी भाच्याचे खाते त्या रुग्णालयाची जबाबदारी घेत होते.

दोन्ही बाजू

भाभांच्या कामाची गोष्ट सांगताना तिची अवघड बाजू झाकणे योग्य नाही. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुचाचणी केली. त्यानंतर काही दिवसांतच भाभांनी आकाशवाणीवरून अणुबॉम्ब फार महाग नसतो, असा हिशेब मांडला. रुग्णालयांसाठी समस्थानिके देणाऱ्या सायरस भट्टीतलेच प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरले गेले. अणुविजेबद्दल त्यांनी बांधलेले अंदाज प्रत्यक्षात खूप मागे पडले. तारापूरची भट्टी १९६९ मध्ये सुरू झाली खरी, पण देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा आजही थोडाच आहे.

किरणांचेही तसेच आहे. मोजून दिले तर गाठ विरघळते. मोजले नाहीत तर तेच किरण कर्करोग निर्माण करू शकतात. म्हणूनच एक्स-रे विभागात काम करणारा तंत्रज्ञ छातीवर एक लहानसा बॅज लावतो. त्याच्या अंगावर किती किरण पडले, हे त्या बॅजमध्ये साठत जाते आणि ठराविक काळाने ते तपासले जाते. देशातल्या या तपासणीची व्यवस्था तुर्भ्याच्या केंद्राच्या देखरेखीखाली चालते. तालुक्याच्या गावातला एक्स-रे काढणारा माणूसही त्या धाग्याने तुर्भ्याशी बांधलेला आहे. काही जण तो बॅज टेबलाच्या खणात ठेवून काम करतात. तसे करू नये.

माँ ब्लाँ

२४ जानेवारी १९६६ रोजी, इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली त्याच दिवशी, एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग विमान युरोपातील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. मुंबईहून निघालेले हे विमान दिल्ली आणि बैरुतमार्गे जिनिव्हाला उतरणार होते. विमानातले सर्व ११७ जण गेले. त्यात ५६ वर्षांचे भाभा होते. ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते.

घातपाताच्या अफवा तेव्हाही होत्या आणि आजही समाजमाध्यमांवर फिरतात. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष मात्र साधा होता. विमानातले दिशा दाखवणारे एक उपकरण बंद होते. आपण पर्वतापासून किती अंतरावर आहोत, याचा वैमानिकाचा अंदाज चुकला. जमिनीवरच्या नियंत्रकाने ती चूक दुरुस्त करणारी सूचना दिली, पण तिचा अर्थ वेगळा घेतला गेला. पर्वत मागे पडला आहे, असे समजून विमान खाली येत राहिले. एक बंद उपकरण आणि एक अर्धवट कळलेला निरोप. रुग्णालयांत घडणारे अपघातही बहुतेक वेळा असेच घडतात.

त्या विमानाचे अवशेष हिमनदीत गाडले गेले. हिमनदी हळूहळू खाली सरकते आणि तिचे बर्फ वितळते, तसे ते अवशेष अजून बाहेर येतात. २०१२ मध्ये टपालाची एक पिशवी सापडली, २०२० मध्ये जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रे.

१९६७ मध्ये तुर्भ्याच्या केंद्राला भाभांचे नाव देण्यात आले. चंद्रावरचे नाव त्यानंतर आले.

नाव कसे मिळाले?

चंद्राच्या समोरच्या बाजूची नावे जुनी आहेत. तिथली नावे ठेवण्याची आजची पद्धत १६५१ मध्ये रिच्चोली या इटालियन धर्मगुरूने काढलेल्या नकाशापासून चालत आली. मागच्या बाजूला नावे नव्हती, कारण ती कुणी पाहिलीच नव्हती. ७ ऑक्टोबर १९५९ रोजी सोव्हिएत संघाच्या ल्युना ३ या यानाने चंद्राला वळसा घालून तिची पहिली छायाचित्रे घेतली. ती अंधुक होती, तरीही ठळक विवरांना नावे देण्यात आली. बाकीच्या विवरांचे नीट नकाशे व्हायचे होते. भाभा गेले त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने ल्युनार ऑर्बिटर मालिकेतले पहिले यान सोडले. वर्षभरात अशा पाच यानांनी चंद्राचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग टिपला. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ मधल्या तिघांनी ती बाजू माणसाच्या डोळ्यांनी प्रथम पाहिली.

आता शेकडो विवरे होती आणि त्यांना नावे नव्हती. चंद्रावरच्या जागांना नावे देण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा. संघाच्या समितीने जगभरच्या शास्त्रज्ञांची यादी केली. विवराला द्यायचे नाव दिवंगत व्यक्तीचे असावे, हा त्यातला मुख्य नियम. त्याला अपवाद केला तो काही अवकाशवीरांचा. ऑगस्ट १९७० मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथे भरलेल्या संघाच्या महासभेने ५०० हून अधिक नावे मंजूर केली. चंद्राच्या मागच्या बाजूच्या त्या यादीत जगदीशचंद्र बोस, शिशिरकुमार मित्र आणि होमी भाभा ही भारतीय नावे होती.

रामन यांचे नाव त्यात नव्हते, कारण ते हयात होते. ती सभा झाल्यावर तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर १९७० मध्ये, ते गेले. त्यांच्या नावाचे विवर १९७६ मध्ये ठरले. भाभांनंतर अणुशक्ती आयोगाची धुरा सांभाळणारे विक्रम साराभाई १९७१ मध्ये गेले आणि १९७३ मध्ये त्यांचे नाव एका विवराला मिळाले. ही दोन्ही विवरे आपल्या बाजूला आहेत, पण आकाराने लहान. भाभा विवर त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे आहे आणि तेच आपल्याला दिसत नाही.

त्याचा व्यास ६० किलोमीटरहून अधिक आहे. पोलादपूरहून निघून महाड, माणगाव मागे टाकत कोलाडपर्यंत यावे, साधारण तेवढी त्याची रुंदी. मध्यभागी डोंगर आहे. शेजारीच बोस विवर आहे. दुसऱ्या बाजूला आहे स्टोनी, इलेक्ट्रॉन हे नाव सुचवणाऱ्या शास्त्रज्ञाचे. मेसॉनचे नाव सुचवणाऱ्याला शेजार चांगला मिळाला.

ही सगळी विवरे एका अवाढव्य खोलगटात आहेत. सुमारे २५०० किलोमीटर रुंदीचे हे दक्षिण ध्रुव-एटकिन खोरे चंद्रावरच्या सर्वात जुन्या आणि सर्वात मोठ्या आघातांपैकी एकाची खूण आहे. भाभा विवर त्याच्या मध्याजवळ आहे. याच खोऱ्यात, काहीशे किलोमीटरवर, ३ जानेवारी २०१९ रोजी चीनचे चांग-अ ४ हे यान उतरले. मागच्या बाजूवर उतरलेले ते पहिले यान. त्यावरच्या एका उपकरणाने तिथले किरण मोजले. चंद्राला हवा नाही, त्यामुळे विश्वकिरण थेट जमिनीवर आदळतात. पृथ्वीच्या पृष्ठभागावर माणसाला मिळतात त्याच्या सुमारे २०० पट किरण तिथे मिळतात, असे आढळले. आपल्या डोक्यावर हवेचे पांघरूण आहे. वरून येणारे कण त्यात शिरतात, एकाचे दोन, दोनाचे चार होत विरत जातात. भाभांनी १९३७ मध्ये हेच गणित मांडले होते.

फाईलवरचे नाव

तुर्भ्याच्या केंद्राने पुढे कोबाल्टवर चालणारे किरणोपचाराचे देशी यंत्र तयार केले. परदेशी यंत्रांपेक्षा ते स्वस्त होते. २००५ मध्ये त्यातले पहिले यंत्र टाटा मेमोरियल केंद्राच्याच खारघरच्या संस्थेत बसले. त्याचे नाव भाभाट्रॉन. त्यानंतर ते देशातल्या अनेक रुग्णालयांत गेले आणि परदेशांतही पोहोचले. आज मोठ्या शहरांत त्याहून नेमकी यंत्रे आली आहेत. पण जिथे वीज बेभरवशाची आहे आणि दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ दूर आहे, तिथे कोबाल्टचे यंत्र अजून उपयोगी पडते. टाटा मेमोरियल केंद्राने मुंबईबाहेर, वाराणसी आणि संगरूरसारख्या ठिकाणी काढलेल्या काही कर्करोग रुग्णालयांनाही होमी भाभांचेच नाव आहे.

किरणोपचाराच्या खोलीत रुग्ण एकटाच असतो. तंत्रज्ञ बाहेर जातो, जाड दार बंद होते, यंत्र हळू फिरते. रुग्णाला काही दिसत नाही, काही जाणवत नाही. दोन-चार मिनिटांत तो उठून बाहेर येतो आणि आज काही झालेच नाही असे त्याला वाटते. गाठीवर मात्र काम झालेले असते. म्हणून काही जाणवत नाही, बरे वाटते आहे, असे म्हणून मधेच उपचार सोडून गावी परतणे हा या उपचारातला मोठा धोका आहे. ठरलेले सगळे दिवस पूर्ण करावेत. गाठ, न भरणारी जखम, नको त्या वेळी होणारा रक्तस्राव अशी लक्षणे दिसली तर शेतीची कामे उरकायची वाट न पाहता आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. लवकर आलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे किरण बरेच काही करू शकतात.

वीरच्या फलाटावर गाडी येते. पिशवी उचलून माणूस डब्यात चढतो. खिडकीतून चंद्र बराच वेळ सोबत येतो, तीच नेहमीची बाजू घेऊन. पलीकडे त्या विवरात ऊन असेल किंवा नसेल. सकाळी परळला खिडकीपुढे रांगेत उभे राहून फाईल पुढे करायची आहे आणि तिथून पुढचे सगळे ठरणार आहे.